औजारे आणि वाहने : गॅस भरण्याआधी गोधडी उचला



ट्रॅक्टरचा पंप, मळणीयंत्राचा पट्टा, विहिरीवरची मोटर यांच्यावर आपण या सदरात पुष्कळदा बोललो आहोत. आजचा विषय जरा निराळा आहे. हल्ली खेडोपाडी जुन्या मोटारगाड्या येऊ लागल्या आहेत आणि त्यांत आता हायब्रिड गाड्याही दिसू लागल्या आहेत. म्हणजे पेट्रोलचे इंजिनही आहे आणि विजेची मोटरही आहे, अशी गाडी. अशा गाडीचा एसी थंड करीनासा झाला तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, ते आज सांगणार आहे.

कोणी म्हणेल, एसी म्हणजे चैन. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला त्याचे काय? मलाही पूर्वी तसेच वाटत असे. गेल्या एप्रिलात लातूर जिल्ह्यात माझ्या चुलत बहिणीच्या घरी गेलो आणि मत बदलले.

बहिणीच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांची मूत्रपिंडे काम करीनाशी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना शहरात न्यावे लागते. जायला दीड तास, यायला दीड तास. या आजारात पाणीही मोजून प्यावे लागते. ऊन लागले, घसा कोरडा पडला म्हणून तांब्याभर पाणी पिता येत नाही. एसटीने हे जमेना, म्हणून मेहुण्यांनी तुरीचे पैसे आणि थोडे कर्ज घालून तीन वर्षे वापरलेली एक हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोल कमी लागते हा त्यांचा हिशेब बरोबर होता. पण उन्हाळा लागला आणि एसीतून कोमट वारा येऊ लागला. मागच्या फेरीला परत येताना म्हातारीला घेरी आली, म्हणून बहिणीने मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा अंगणात गाडीचे बॉनेट उघडलेले होते. गावातला मिस्त्री गॅसची टाकी आणि नळ्या घेऊन उभा होता. पोरगा हुशार आहे, ट्रॅक्टरच्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही.

मेहुणे म्हणाले, "दादा, काही अवघड नाही. गॅस संपलाय. मिस्त्री आत्ता भरून देतोय."

मी विचारले, "गॅस संपला हे कशावरून?"

"थंड होत न्हाई म्हंजे गॅसच की ओ काका," मिस्त्री म्हणाला.

"बरं. गॅसबरोबर तेल कोणतं घालतोस?"

"नेहमीचंच. सगळ्या गाड्यांना घालतो ते."

मी त्याला म्हटले, "बाबा, टाकी जरा खाली ठेव. आधी चहा घेऊ." तो चहा पंधरा मिनिटांचा झाला. पण त्या पंधरा मिनिटांनी मेहुण्यांचा फार मोठा खर्च वाचला. तो कसा, ते क्रमाने सांगतो.

थंडावा येतो कुठून?

माठातले पाणी गार का होते हे आपल्याला ठाऊक आहे. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. एसीतही मुळात हेच घडते. फरक एवढाच की पाणी बाहेर उडून जाते आणि एसीतला वायू बंद नळ्यांत फिरत राहतो. मोटारींत बहुधा आर-१३४ए नावाचा वायू असतो. तो साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. म्हणजे आपल्याला जे थंडगार वाटते, तेही त्याला उकळायला पुरेसे गरम असते.

या फेऱ्यात चार मुख्य भाग आहेत. कॉम्प्रेसर वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. तिथे ही उष्णता बाहेरच्या वाऱ्याला दिली जाते आणि वायूचे पातळ द्रव होते. पुढे एका बारीक छिद्रातून तो द्रव एकदम मोकळा सुटतो. मग डॅशबोर्डच्या आतल्या दुसऱ्या जाळीत तो उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. पंखा त्या गार जाळीवरून हवा फुंकतो, ती आपल्या अंगावर येते. वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. थंडावा कमी होण्याची कारणे अनेक आहेत. पुढची जाळी चोंदली, पंखा बंद पडला, आतली हवा अडली, तरी गॅस पुरेपूर असूनही गाडी गार होणार नाही. वाफ्यात पाणी पोचत नाही म्हणून कोणी लगेच नवी विहीर खणत नाही. आधी पाट कुठे फुटला, कुठे गाळ साचला, ते बघतो. तसेच इथे करावे.

हायब्रिडच्या दोन जाती

जुनी हायब्रिड घेतलेल्यांनी आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी समजून घ्यावे.

पहिली जात सौम्य हायब्रिडची. मारुतीने २०१५ पासून सियाझ, अर्टिगा अशा काही गाड्यांवर ही सोय दिली. तिच्यात विजेची मदत थोडीच असते. एसीचा कॉम्प्रेसर साध्या गाडीसारखा इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. गाडी फाटकापाशी किंवा सिग्नलला थांबली की पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन आपोआप बंद होते. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग नुसता पंख्याचा वारा येतो आणि तो कोमट होत जातो. हा बिघाड नव्हे. इंजिन आपोआप बंद होऊ नये असे वाटत असेल तर त्यासाठी बहुधा एक बटण असते, ते दाबावे.

दुसरी जात पक्क्या हायब्रिडची. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि होंडा सिटी यांचे असे प्रकार आपल्याकडे २०२२ मध्ये आले. त्यांत मोठी बॅटरी असते आणि इंजिन बंद असतानाही गाडी विजेवर चालते. इंजिन बंद असताना एसी चालू राहावा म्हणून कॉम्प्रेसरही विजेवरच चालतो, त्याला पट्टा नसतो. जगात ही रीत २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस गाडीपासून रुळली. मेहुण्यांची गाडी या दुसऱ्या जातीची होती, आणि मिस्त्रीने अशी गाडी पूर्वी उघडलेली नव्हती.

आधी मोजा, मग बोला

"थंड होत नाही" एवढे म्हणून भागत नाही. किती थंड होत नाही? तापाचा थर्मामीटर इथे चालणार नाही, त्यावर गार हवा मोजताच येत नाही. दूध संकलन केंद्रात दुधाचे तापमान बघायला जो थर्मामीटर असतो, तो मी मागवून घेतला. गाडी निंबाखाली सावलीत लावली. काचा बंद, पंखा मध्यम, तापमान सर्वांत कमी, आणि बाहेरची हवा न घेता आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबलेले. दहा मिनिटांनी मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरला. बाहेर ४० अंश आणि झरोक्यात १९. एसी धड असता तर अशा वेळी झरोक्यात दहा-बारा अंशांच्या आसपास आकडा दिसायला हवा होता.

मोजताना आणखी एक गोष्ट पाहावी. हवा जोरात येते पण गार नाही, की गार आहे पण हवाच कमी येते? पहिल्या प्रकारात दोष बहुधा पुढची जाळी, तिचा पंखा, गॅस किंवा कॉम्प्रेसर यांत असतो. दुसऱ्या प्रकारात हवेची वाट अडलेली असते. गाडी पळताना गार आणि उभी राहिली की कोमट, असे होत असेल तर पुढची जाळी आणि तिचा पंखा यांच्यावर संशय घ्यावा. मेहुण्यांच्या गाडीत दोन्ही होते. हवाही कमी आणि थंडावाही कमी.

घरच्या घरी पाहण्याच्या गोष्टी

पहिली, बटणे. हसू नका. बाहेरची हवा घेण्याचे बटण चुकून दाबलेले असले तर चाळीस अंशांची हवा सारखी आत येत राहते. हायब्रिड गाडीत इको नावाची एक पद्धत असते. तीत पेट्रोल वाचवण्यासाठी कित्येक गाड्या एसीची ताकदही आखडून घेतात. उन्हाच्या वेळी ती काढून पाहावी. भाच्याने पेट्रोल वाचावे म्हणून ती कायमची लावून ठेवली होती. ती काढली.

दुसरी, हवेची गाळणी. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा सोडवला की मागे एक कागदी गाळणी असते. ती कशी काढायची याचे चित्र गाडीच्या पुस्तकात असते, हत्यारही बहुधा लागत नाही. भाच्याने गाळणी ओढली आणि तिच्याबरोबर भुईमुगाची टरफले, कापूस आणि उंदराच्या लेंड्या खाली पडल्या. उंदराने आत घर केले होते. वर तीन वर्षांची धूळ होतीच. एवढ्या बुजलेल्या गाळणीतून पंख्याने वारा ओढावा तरी कसा? कागदी गाळणी धुवू नये, नवी घालावी. पुस्तकात जेवढ्या किलोमीटरला बदला म्हटले असेल, त्याच्या निम्म्यावरच आपल्या मातीच्या रस्त्यांवर ती बदलण्याजोगी होते. आणि गाळणीवाचून गाडी चालवू नये, नाहीतर तीच धूळ आतल्या गार जाळीवर बसते आणि ती साफ करायला सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

उंदरांसाठी सांगतो. धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावू नये. गाडीत शेंगा, फुटाणे सांडू देऊ नयेत. गाडी बंद करण्यापूर्वी आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे, म्हणजे बाहेरच्या वाटेचे झाकण मिटून राहते. उंदराने वायर कुरतडली असेल तर मात्र तिला हात लावू नये. त्याचे कारण पुढे सांगतो.

तिसरी, पुढची जाळी. गाडीच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकून पाहिले, तर कंडेन्सरच्या पात्यांत हरभऱ्याचा भुसा, किडे आणि वाळलेला चिखल घट्ट बसला होता. गाडी सबंध सुगीभर खळ्याशेजारी उभी होती! वारा जायला जागाच नव्हती. इंजिन बंद करून, गाडी निवल्यावर, पुढून साध्या नळाचे पाणी हलक्या धारेने सोडावे आणि मऊ ब्रशाने वरून खाली हात फिरवावा. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा वापरू नये. ती पाती कागदासारखी पातळ असतात, दुमडली की वाट कायमची बुजते. आणि बॉनेटखाली, वायरींवर आणि डब्यांवर पाणी मारू नये.

चौथी, पंखा. एसी लावल्यावर पुढच्या जाळीमागचा पंखा थोड्या वेळात फिरू लागला पाहिजे. लांबूनच पाहावे, हात घालू नये. हायब्रिडमध्ये इंजिन बंद दिसले तरी पंखा केव्हाही फिरू शकतो.

गोधडीखालची जाळी

पाचवी गोष्ट फक्त हायब्रिड गाडीतच असते, आणि ती कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती.

मी मेहुण्यांना विचारले, "मागच्या सीटपाशी घरघर आवाज येतो का?"

"येतो. गेल्या महिन्यापासून फार येतो. पेट्रोलही जास्त लागायला लागलंय," ते म्हणाले.

मागच्या सीटवर एक जाड गोधडी अंथरलेली होती. सासूबाईंना सीट टोचते, म्हणून बहिणीने आपल्या हाताने शिवलेली, चांगली दुहेरी. तिची एक बाजू सीटच्या कडेवरून खाली लोंबत होती. गोधडी उचलली तर तिच्याखाली, दाराच्या बाजूला, एक लहानशी जाळी होती.

ही जाळी बॅटरीचे नाक आहे. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीपाशी असते आणि ती गार ठेवण्यासाठी एक पंखा गाडीतलीच हवा ओढतो. म्हणजे एसीची गार हवा आपल्याला लागते तशी बॅटरीलाही लागते. जाळी झाकली, धुळीने भरली किंवा तिच्यापुढे पोती रचली की बॅटरी तापते. मग पंखा घरघरतो, गाडी बॅटरीवरचा भार आखडता घेते आणि इंजिन जास्त वेळ चालू लागते. वर एसी दुबळा असला तर बॅटरीला मिळणारी हवाही कोमटच. एकाचा त्रास दुसऱ्याला होतो आणि दोन्ही मिळून धन्याला होतो.

बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अगंबाई! आत्याबाईंसाठी म्हणून घातली, आणि मीच गाडीचं नाक दाबलं की!"

तिचा दोष नव्हता. गाडी विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते. पुस्तकात लिहिलेले असते, पण जुन्या गाडीबरोबर पुस्तक मिळालेच नव्हते. ते भाच्याने मोबाइलवर शोधून काढले. जाळीवरची धूळ आम्ही मऊ ब्रशाने झाडली. तिच्या आत गाळणी असते, ती काही गाड्यांत घरी काढता येते, काहींत नाही. पुस्तकात सांगितले असेल तेवढेच करावे.

हे सगळे झाल्यावर पुन्हा मोजले. झरोक्यात १४ अंश. १९ वरून १४, आणि खर्च फक्त एका गाळणीचा. मिस्त्री थर्मामीटरकडे बघत राहिला.

गॅस आपोआप संपत नाही

पण १४ म्हणजे पुरते नव्हे. आणखी काहीतरी होते. पुढची जाळी धुतल्यावर तिच्या खालच्या कोपऱ्यात एक तेलकट डाग दिसला. आजूबाजूची धूळ धुऊन गेली, पण तिथली चिकटून राहिली होती. वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांत फिरत असते. जिथून वायू सुटतो तिथे थोडे तेलही बाहेर येते. खडीच्या रस्त्यावर उडालेला एखादा दगड तिथे लागला असावा.

आता हे नीट ध्यानात ठेवा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. वर्षानुवर्षे अगदी थोडा झिरपतो हे खरे, पण एका उन्हाळ्यात थंडावा गेला तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे. दरवर्षी पैसे जातील. शिवाय आर-१३४ए वायू हवेत सुटला तर हवा तापवण्यात तो कार्बन वायूच्या वजनाला वजन १,४०० पटींहून अधिक भारी पडतो. पाऊसपाण्यावर जगणाऱ्या माणसाने तो उगाच सोडू नये.

अंदाजाने गॅस भरणेही चूक. लहान-मध्यम गाडीत साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर गॅस असतो. नेमके किती ग्रॅम आणि कोणता, हे बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. काही नव्या गाड्यांत निराळा वायू असतो, म्हणून ती पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कमी भरला तर थंडावा येत नाही, जास्त भरला तरी थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. तो काट्यावर तोलूनच भरावा लागतो. कोणी स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा वायू भरून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

तेलाचा प्रश्न

आता ज्या प्रश्नासाठी मी मिस्त्रीला चहाला बसवले, तो प्रश्न.

पट्ट्यावर चालणाऱ्या साध्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पीएजी जातीचे तेल असते. पक्क्या हायब्रिडच्या विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये पीओई जातीचे, त्या कॉम्प्रेसरसाठीच ठरवलेले तेल लागते. कारण या कॉम्प्रेसरमध्ये विजेची मोटर आतच बसवलेली असते आणि तेल तिच्या तारांच्या वेटोळ्यांवरून फिरते. म्हणून ते तेल वीज अडवणारे असावे लागते. पीएजी तेल तसे नाही. ते आत गेले की वीज कॉम्प्रेसरच्या अंगात झिरपू लागते. गाडीला हे कळते. ती धोक्याचा दिवा लावते, कधी एसी बंद करते, कधी गाडीच चालू होऊ देत नाही. मग कॉम्प्रेसर आणि त्याच्याबरोबर पुष्कळदा नळ्या आणि जाळ्याही बदलण्याची वेळ येते. एका चुकीच्या तेलापायी तुरीचे अर्धे पीक जाते म्हणा ना.

त्यातही खोच अशी की बाटलीतले तेल न ओतताही हे घडू शकते. साध्या गाड्यांना रोज जोडल्या जाणाऱ्या यंत्राच्या नळ्यांत पीएजी तेल राहिलेले असते, ते गॅसबरोबर आत जाते. म्हणून हायब्रिडसाठी यंत्र निराळे असावे किंवा त्याच्या नळ्या आधी धुऊन घेतलेल्या असाव्यात. गळती बुजवणारी औषधे तर घालूच नयेत. गळती दाखवणारा रंगही त्या तेलाला चालणाराच हवा.

मिस्त्री शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, मला हे कुणी सांगितलंच न्हवतं. मी भरलाच असता की." माणूस सरळ. त्याने टाकी उचलून मोटारसायकलला बांधली. मेहुण्यांनी त्याला येण्याजाण्याचे पैसे दिले, तेही योग्यच झाले.

नारिंगी वायर दिसली की हात मागे

बॉनेटखाली मी त्याला आणि भाच्याला जाड नारिंगी रंगाच्या वायरी दाखवल्या. पक्क्या हायब्रिडमध्ये या वायरींतून मोठ्या बॅटरीची वीज जाते. तिचा दाब दीडशे-दोनशे व्होल्ट आणि कित्येक गाड्यांत त्याहूनही अधिक असतो. हा बारा व्होल्टच्या बॅटरीचा खेळ नाही, जीव घेणारी वीज आहे. विजेचा कॉम्प्रेसर याच वायरीला जोडलेला असतो. गाडी बंद केली तरी काही भागांत थोडा वेळ वीज साठून राहते. म्हणून नारिंगी वायर, तिची टोके, तिला जोडलेले डबे आणि कॉम्प्रेसर यांना घरच्या माणसाने किंवा न शिकलेल्या मिस्त्रीने हात लावू नये. उंदराने ती कुरतडलेली दिसली तर गाडी चालू न करता कार्यशाळेला कळवावे. मोटरपंपाची पेटी आपण ओल्या हाताने उघडत नाही ना? मग इथेही तोच नियम.

कार्यशाळेत विचारायचे प्रश्न

गाडी शहरात हायब्रिडचे काम करणाऱ्या कार्यशाळेत नेली. मेहुण्यांना मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले होते. तुम्हीही लिहून घ्या.

१. गॅस भरण्याआधी गळती शोधणार का, आणि ती मला दाखवणार का?

२. या कॉम्प्रेसरला कोणते तेल लागते, आणि तुमचे यंत्र हायब्रिडसाठी चालते का?

३. नळ्यांतली हवा आणि ओल निर्वात पंपाने अर्धा तास तरी काढणार का?

४. गॅस पट्टीवरच्या ग्रॅमप्रमाणे तोलून भरणार का, आणि बिलावर लिहून देणार का?

ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये. चांगला कारागीर प्रश्नांनी खूश होतो. गळती त्याच कोपऱ्यात निघाली. कंडेन्सर बदलावा लागला. खर्च झालाच, पण ठरलेला आणि एकदाच. परत आल्यावर भाच्याने दुधाचा थर्मामीटर लावून मला फोन केला, "मामा, १०!"

जुनी हायब्रिड घेताना

ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी ती भर दुपारी पाहायला जावे. सकाळच्या गारव्यात सगळेच एसी थंड असतात. अर्धा तास चालवावी, मग इंजिन बंद पडून गाडी विजेवर असतानाही हवा गार राहते का ते पाहावे. एसीचे काम कधी आणि कोठे झाले याचे बिल मागावे. मागच्या जाळीत धूळ किती आहे ते पाहावे, त्यावरून आधीच्या मालकाने गाडी कशी ठेवली ते कळते. काही कंपन्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी देतात. आपल्या गाडीची ती शिल्लक आहे का, आणि मालक बदलल्यावर चालू राहते का, हे कंपनीच्या विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

घरातल्या बायामुलांसाठी

शेवटी एक सूचना, ती विसरू नका. पक्की हायब्रिड गाडी चालू असूनही मुकी असते. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असे मुले समजतात. डॅशबोर्डवर गाडी तयार असल्याचा दिवा लागलेला असेल तर ती चालूच आहे आणि पायाचा धक्का लागला तरी पळू शकते. दुपारी गारव्यासाठी मुले एसी लावून गाडीत बसतात, ते मोठ्या माणसाशिवाय बसू देऊ नये. आणि बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात तर कोणीच तसे बसू नये. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते, आणि त्याचा धूर कोंडला तर बसल्या जागी झोपेतच जीव जातो. बंद गाडीत मुलाला एकटे तर क्षणभरही सोडू नये.

परवा बहिणीचा फोन आला होता. सासूबाई आता प्रवासात डोळा लागून झोपतात, असे म्हणाली. मी विचारले, "गोधडी काढून टाकलीस का गं?" ती म्हणाली, "काढली नाही, दादा. कडेला चार बोटं दुमडून टाके घातले. जाळी उघडी राहते, आणि आत्याबाईंना टोचतही नाही."

बंधूभगिनींनो, यंत्राची निगा म्हणतात ती हीच. आपली गरज सोडायची नाही आणि यंत्राचा श्वासही कोंडायचा नाही.

पुढच्या लेखात पावसाळ्यापूर्वी फवारणी पंपाची निगा कशी राखावी, ते पाहू.